थांबू शकणारा माल

द्राक्ष वेलीवरून उतरायची वेळ आली की शेतकऱ्याच्या हातात दिवस नसतात. व्यापारी बांधावर येतो, काल ठरलेल्या दरातून आज किलोमागे पाच रुपये उतरवतो, आणि बागायतदाराला मान हलवावी लागते. माल तयार असतो. उशीर केला तर मणी गळतात, देठ सुकतात, आणि पाऊस आला तर उभ्या बागेतला घड तडकतो. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, मिरज, पलूस, खानापूर, कवठेमहांकाळ या तालुक्यांत हा प्रसंग ज्याच्यावर आला नाही असा द्राक्षबागायतदार शोधून सापडायचा नाही. वर्षभर औषधांच्या फवारण्या, छाटण्या, विरळणी, कर्ज, रात्रीची वीज, सगळं करून शेवटच्या आठवड्यात दर ठरवतो तो दुसराच.

पण तेच द्राक्ष पंधरा दिवस सावलीत वाळवलं की चित्र पालटतं. बेदाणा थांबू शकतो. शीतगृहात ठेवला तर वर्षभरही थांबतो. आज भाव पडला असेल तर शेतकरी पेटी परत नेऊ शकतो, पुढच्या महिन्यात आणू शकतो, दिवाळीच्या मागणीपर्यंत वाट पाहू शकतो. सांगली, तासगाव, मिरज, कुपवाड या पट्ट्यात शीतगृहं, हळदीच्या गिरण्या, बेदाण्याची प्रतवारी केंद्रं, दूधप्रकल्प आणि साखर कारखाने यांची जी दाट वस्ती उभी राहिली, तिचं मूळ मला या एका गोष्टीत दिसतं. शेतमालाला थांबता यावं म्हणून इथल्या माणसांनी काय काय केलं, याचा हा वृत्तांत आहे. आणि थांबण्याची किंमत कोण मोजतं, याचाही.

आधी जमीन पाहू. सांगली जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलं की डोळ्यांदेखत बदलतो. शिराळ्याकडे सह्याद्रीचा पाऊस, भातशेती, चांदोलीचं धरण. मधे कृष्णा आणि वारणेचा काळ्या मातीचा पट्टा, जिथे ऊस आणि हळद. आणि पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, जिथे पावसाळा कोरडा जाणं ही बातमी नसते. खानापूर-आटपाडीच्या याच दुष्काळाने माणसं गलाईच्या धंद्याला घराबाहेर काढली. सोनं-चांदी गाळण्याचं काम करत ही कुटुंबं देशभरच्या सराफ बाजारांत पांगली. आजही कितीतरी लांबच्या शहरात सराफकट्ट्यावर विटा-आटपाडीची मराठी कानावर पडते. मागे राहिले त्यांच्यासाठी पाणी उचलून आणावं लागलं. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवून पूर्वेकडे नेलं. त्याला दशकं लागली, विजेच्या बिलांवरून भांडणं झाली, पण पाणी पोचलं तिथे द्राक्ष उभं राहिलं.

आणि कोरडेपणाचा उपयोगही इथेच कळला. द्राक्षाला मुळाशी पाणी हवं, पण वाळवायला हवा कोरडी हवी. नदीकाठच्या दमट गावात बेदाणा नीट होत नाही, काळा पडतो. म्हणून मिरज-पंढरपूर रस्त्याने कवठेमहांकाळ तालुक्यातलं नागज मागे टाकून सांगोल्याच्या हद्दीतल्या जुनोनीकडे निघालं की दोन्ही बाजूंना हिरव्या जाळीने झाकलेली शेड दिसू लागतात. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात इथे तासगाव-मिरजेकडची द्राक्षं टेम्पोने येतात. ज्याचं स्वतःचं शेड नाही तो भाड्याने घेतो. ज्या माळरानावर पावसाअभावी काही पिकत नव्हतं त्या माळाचा वारा आणि ऊन ही मालमत्ता ठरली.

बेदाणा करण्याची पद्धत बाहेरून सोपी दिसते. द्राक्षाच्या मण्यावर मेणासारखा पातळ थर असतो, तो आतलं पाणी अडवून धरतो. तो थर सैल केला नाही तर मणी सुकायला महिना लागेल आणि तोवर तो तपकिरी होईल. त्यासाठी एका लिटर पाण्यात साधारण २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल, म्हणजे इथाइल ओलिएट, असं द्रावण करतात. घड क्रेटसकट त्यात दोन-चार मिनिटं बुडवायचे, निथळायचे आणि रॅकवर पसरायचे. रॅक म्हणजे लोखंडी सांगाड्यावर एकावर एक ताणलेल्या जाळ्या, दहा-अकरा मजल्यांच्या. वर पत्रा किंवा प्लास्टिक, बाजूंना शेडनेट. ऊन थेट लागू द्यायचं नाही, वारा मात्र आरपार गेला पाहिजे. मग गंधकाची धुरी, रंग टिकावा म्हणून. बारा ते पंधरा दिवसांत मण्यातलं पाणी पंधरा-सोळा टक्क्यांवर येतं. ही पद्धत ऑस्ट्रेलियातून आली. इथल्या शेतकऱ्यांनी ती उचलली, आपल्या हवेप्रमाणे तिच्यात फेरफार केले आणि घरोघरी पोचवली.

बाहेरून सोप्या दिसणाऱ्या या पंधरा दिवसांत शेतकरी झोपत नाही. गोडी २२ ब्रिक्सच्या वर गेल्याशिवाय घड तोडला तर बेदाणा पोकळ होतो, वजन बसत नाही. फार थांबलं तर मणी मऊ पडतो. द्रावणात जास्त वेळ राहिला तर साल फाटते, रस बाहेर येतो, मणी एकमेकांना चिकटतात. आणि आभाळाकडे लक्ष. मार्चमध्ये अवकाळी ढग आले की रॅकभोवती ताडपत्र्या बांधायची धावपळ सुरू होते. ताडपत्री बांधली तर वारा बंद होतो, वारा बंद झाला तर बुरशी येते, उघडी ठेवली तर पाऊस आत. दोन दिवस ढगाळ गेले तरी हिरवा माल काळपट होतो आणि दर निम्म्यावर येऊ शकतो. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. एकरी दहा टन द्राक्ष धरलं तर अडीच टन बेदाणा. एवढी सगळी बाग, तिचं वर्षभराचं रक्त आटवणं, पंधरा दिवस जाळीवर उघडं असतं.

या उद्योगाच्या मुळाशी एक वाणही आहे. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसच्या वेलींतून निवड करून एक नवी जात पुढे आणली आणि तिला तास-ए-गणेश हे नाव दिलं. तासगावचं गणपती मंदिर, त्याचं दाक्षिणात्य घाटाचं सात मजली गोपुर आणि तिथला रथोत्सव ज्यांना माहीत आहे त्यांना हे नाव कुठून आलं हे सांगायला नको. सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजचे नानासाहेब काळे यांची सोनाका ही लांब मण्याची जातही अशीच शेतकऱ्याच्या नजरेतून आली. विद्यापीठाच्या पदवीशिवाय, रोज बागेतून फिरताना एखाद्या फांदीवरचे मणी वेगळे दिसले म्हणून ती फांदी जपणारी ही माणसं. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र पुण्याजवळ मांजरीला १९९७ साली सुरू झालं, त्याच्या कितीतरी आधी ही कामं झाली होती. महाराष्ट्रातल्या द्राक्षशेतीचा इतिहास लिहिताना या माणसांना पहिल्या प्रकरणात जागा द्यायला हवी.

सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सौदे तासगाव आणि सांगलीच्या बाजार समित्यांत होतात. पंधरा किलोच्या पेट्या, त्यांतला नमुना टेबलावर, भोवती खरेदीदारांचा घोळका. रंग, मण्याची जाडी, सालीचा पातळपणा, काडी किती, चिकटपणा किती, हे मूठभर माल तळहातावर घेऊन काही क्षणांत पारखतात. ही पारख थक्क करणारी आहे. पण सौद्यांत एक वाईट चाल रुळली होती ती बेदाण्याच्या उधळणीची. नमुना पाहायचा, मूठ भरायची आणि उरलेलं खाली टाकायचं. शेतकऱ्याच्या पेटीतला माल जमिनीवर पायाखाली. त्यावर शेतकऱ्यांनी आवाज उठवला, बाजार समितीने मनाई केली. लहान गोष्ट वाटेल, पण ज्याने मार्चच्या रात्री ताडपत्र्या ओढल्यात त्याच्या डोळ्यांसमोर त्याचा माल पायाखाली जाणं ही लहान गोष्ट नाही.

आता थांबण्याचं गणित. समजा, ताज्या द्राक्षाला बांधावर किलोला तीस रुपये मिळत आहेत. चार किलोंचे एकशेवीस. बेदाणा करायचा तर त्यात शेडचं भाडं, डिपिंगचं साहित्य, मजुरी, निवड, पेट्या आणि शीतगृहाचं भाडं घालावं लागेल. बेदाण्याला किलोला दीडशे मिळाले तर मेहनत जवळजवळ फुकट गेली. दोनशे मिळाले तर वर्ष निघालं. हा फरक बहुतेक वेळा प्रतीइतकाच वेळेवरही अवलंबून असतो. मार्च-एप्रिलमध्ये सगळ्यांचा माल एकदम येतो तेव्हा दर दबतो. पुढे श्रावण, गणपती, दिवाळी अशी मागणी चढत जाते. ज्याला ऑगस्टपर्यंत थांबता येतं त्याला वेगळा दर दिसतो.

पण घरखर्च, मुलांची फी, सोसायटीचं कर्ज आणि औषध दुकानदाराची उधारी यांतलं काहीच ऑगस्टपर्यंत थांबत नाही. इथे शीतगृह कामाला येतं. चार-पाच अंश तापमानाला हिरव्या बेदाण्याचा रंग टिकतो. तोच माल खोलीच्या उष्णतेत काही महिन्यांत तांबूस होतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शीतगृहाची पावती तारण ठेवून कर्ज मिळतं. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. गोदामात ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, सहा टक्के व्याजाने, सहा महिन्यांसाठी रक्कम देता येते. शिवाय बँका आणि अडतदार उचल देतातच. अडतदाराची उचल घेतली की माल त्याच्याच दुकानी लावावा लागतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून मला गोदामाची पावती ही यंत्राइतकीच महत्त्वाची वाटते. अन्नप्रक्रिया उद्योगाच्या जाहिरातींत चकचकीत स्टीलची यंत्रं दिसतात. सांगलीत प्रक्रिया टिकली ती त्या यंत्रांच्या आधी इथे वखार होती म्हणून.

शहरातला एक भाग आजही वखारभाग म्हणूनच ओळखला जातो. पटवर्धनांनी १८०१ मध्ये सांगली संस्थानाची राजधानी इथे आणली, नदीकाठी पेठ वसवली. त्या पेठेत गूळ, शेंग, हळद यांचा व्यापार वाढत गेला. पण हळदीच्या बाबतीत सांगलीला देशभरात नाव मिळालं ते कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरमुळे. हरिपूरच्या मातीत पेव खणत. तोंड अरुंद, आत सुरईसारखं पोट. आत पाला आणि चटया लावून वाळलेली हळद ओतायची आणि तोंड दगड-मातीने बंद करायचं. आतला प्राणवायू संपला की कीड जगत नाही. हळद तिथे वर्षानुवर्षं राहायची, रंग आणखी गडद व्हायचा असा व्यापाऱ्यांचा अनुभव. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी हवा खेळू द्यायची, दिवा सोडून पाहायचं. वीज नाही, भाडं जवळजवळ नाही. या पेवांच्या बळावर सांगलीचा व्यापारी भाव नसलेल्या वर्षी हळद जमिनीत ठेवू शकला, आणि म्हणूनच सांगलीत हळदीचा वायदा चालला. इथलं स्पाइसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज देशातल्या हळदीच्या भावाला दिशा द्यायचं.

२००५ च्या महापुराने हे संपवलं. कृष्णा आणि वारणा दोन्ही चढल्या, पेवांत पाणी शिरलं, आतली हळद कुजली, पेवं ढासळली. गोदामं आणि शीतगृहं यांनी जागा घेतली. २०१९ आणि २०२१ मध्ये पूर पुन्हा शहरात आला. साठवणुकीवर उभ्या असलेल्या शहराचं भवितव्य पूररेषेशी बांधलेलं आहे, आणि नवं गोदाम कुठे बांधायचं हा प्रश्न इथे साध्या परवानगीचा राहिलेला नाही. नदीकाठाच्या सखल भागात साठवणुकीची नवी बांधकामं होऊ देणं हा मला शुद्ध बेफिकीरपणा वाटतो.

हळदीचा कारखानाही शेताच्या बांधावरच सुरू होतो. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावण, आठ-नऊ महिन्यांनी पाला वाळला की काढणी. ओली हळद खणून, मोडून, गड्डे आणि हळकुंडं वेगळी केली की ती शिजवावी लागते. पूर्वी मोठ्या काहिलीत, उसाच्या पाचटाच्या जाळावर. आता ट्रॅक्टरमागे येणारे वाफेचे कुकर आहेत, पिंपात हळद भरायची आणि वाफ सोडायची. शिजवण्याने हळदीची उगवण्याची ताकद मरते, रंग सगळीकडे सारखा पसरतो आणि आतलं पिष्ट घट्ट होऊन वाळलेलं हळकुंड टणक बनतं. काडी हळकुंडातून सहज आरपार गेली की शिजली. कमी शिजली तर आत पांढरट डाग राहतो, जास्त शिजली तर रंग मरतो. मग बारा-पंधरा दिवस उन्हात, रात्री झाकून, आणि शेवटी फिरत्या पिंपात घासून पॉलिश. पाच किलो ओल्या हळदीची एक किलो वाळकी हळद.

बाजारात पोतं फोडलं की खरेदीदार हळकुंड मोडतो. मोडताना येणारा खणखणीत आवाज, आतला केशरी रंग, वास. राजापुरी, सेलम असे वाणांचे दर निराळे, हळकुंडाचे निराळे, गड्ड्याचे निराळे, कणीचे निराळे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कसबे डिग्रजला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं हळद संशोधन केंद्र आहे, त्याने वाणांवर आणि लागवडीच्या पद्धतीवर बरंच काम केलं. तरीही एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सांगलीच्या यार्डात विकली जाणारी बरीच हळद आता बाहेरून येते: बेळगावकडून, हिंगोली-नांदेडकडून, तेलंगणातून. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याने हळद कमी करून ऊस वाढवला. हिंगोलीच्या वसमतला राज्याचं हळद संशोधन केंद्र उभं राहिलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हळद मंडळाचं मुख्यालय निजामाबादला गेलं. पीक सरकलं, बाजार मात्र सांगलीत राहिला. कारण हळद विकत घेणारे, पारखणारे, दळणारे, साठवणारे, त्यावर पैसे उभे करणारे आणि ती पोत्यांत भरणारे हमाल-तोलाईदार इथे आहेत. मराठवाड्यातल्या शेतकऱ्यालाही लांबचा प्रवास करून इथे यावंसं वाटतं, कारण रोख मिळते आणि गिऱ्हाईक एकापेक्षा जास्त असतं.

थांबता न येणाऱ्या मालाची कथा वेगळी. दूध काही तासांत चार अंशांवर आणावंच लागतं. भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ मध्ये कृष्णाकाठच्या भिलवडीला दूधव्यवसाय सुरू केला. दूध भोवतालच्या गावांत होतं, आणि ते शहरापर्यंत न्यायला रेल्वे होती. पुढे पुण्यात १९५० मध्ये मिठाईचं दुकान आलं, आणि आज त्यांची बाकरवडी परदेशातल्या मराठी घरांतही जाते. ऊसही थांबत नाही. तोडला की साखर घटू लागते, म्हणून कारखाना उसापाशी असावा लागतो. वसंतदादा पाटलांनी सांगलीत सहकारी साखर कारखाना उभा केला, वाळव्यात नागनाथअण्णा नायकवडींनी हुतात्मा कारखाना चालवला आणि उसाला चांगला दर देण्याची शिस्त घालून दाखवली. दर आणि चौदा दिवसांत पैसे देण्याची अट कायद्यात आहे. ती का लागली, हे समजून घ्यायला उसाचं तोडलेलं कांडं पाहावं: ज्याला थांबता येत नाही त्याला कायद्याचं संरक्षण लागतं.

याच जिल्ह्यात पलूसला शासनाने वाइन पार्क केलं होतं, २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर. नाशिकच्या बाजूला विंचूरचं पार्क आणि तिथल्या वाइनरी बहरल्या, पलूसला तसं झालं नाही. भूखंड होते, सवलती होत्या. पण वाइनची द्राक्षं वेगळी, गिऱ्हाईक वेगळं, आणि इथल्या शेतकऱ्याच्या हातातलं कौशल्य बेदाण्याचं होतं. बेदाण्याला कुणी पार्क दिलं नव्हतं. तो शेजाऱ्याचं शेड पाहून दुसऱ्याने उभारला. भूखंडाने उद्योग येत नाही, तो शिकलेल्या हातांमागून येतो, एवढं या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कळतं. पुढच्या धोरणकर्त्यांनी जुनोनीच्या माळावर एकदा मार्चमध्ये उभं राहावं.

आणि या शिकलेल्या हातांत बहुतेक बायकांचे हात आहेत. द्राक्षाची विरळणी, बेदाण्याची निवड, हळद मोडणं, गड्डे वेगळे करणं. निवडीच्या टेबलावर बसून काळा मणी, पिचका मणी, काडी बाजूला काढायची. पाठ आणि डोळे दोन्ही दुखतात. आता रंगावरून मणी वेगळे करणारी यंत्रं आली, पण शेवटची नजर माणसाचीच लागते. शेडवर परजिल्ह्यांतून, परराज्यांतून आलेली कुटुंबं मुक्काम करतात. हंगाम संपला की त्यांचं काम संपतं. बेदाण्याला शीतगृह आहे, तारण कर्ज आहे. निवडणाऱ्या बाईला त्या दिवसाची मजुरी त्या दिवशी लागते. हा उद्योग खरोखर भरभराटीला आला असं मी तेव्हा म्हणेन, जेव्हा तिलाही हंगामाबाहेरच्या महिन्यांचा आधार असेल.

प्रतवारीबद्दल थोडं कठोर बोलायला हवं. रंग उजळ दिसावा म्हणून गंधक वाजवीपेक्षा जास्त वापरणं आणि हळदीला चमक यावी म्हणून बाहेरचा रंग लावणं, या दोन्ही गोष्टींनी सगळ्या प्रदेशाचं नाव जातं. हळदीत शिशाचे पिवळे रंग मिसळण्याचे प्रकार भारतीय उपखंडात उघड झालेले आहेत, आणि ते लहान मुलांच्या मेंदूला इजा करतात. दुकानातून हळद घेताना आपण पिवळाधमक रंग शोधतो; खऱ्या सेलम-राजापुरीचा रंग त्याहून खोल, किंचित नारिंगी असतो. मानांकनाचं चिन्ह पाकिटावर लावायचं असेल तर तपासणीची प्रयोगशाळा बाजाराच्या आवारात हवी, मुंबई-पुण्यात नको.

पुढची पायरी सांगलीने अजून चढायची आहे. हळदीतला कुरकुमिन वेगळा काढणं, तेल आणि ओलिओरेझिन करणं, हा मोठ्या किमतीचा उद्योग देशात प्रामुख्याने केरळात स्थिरावला आहे. सांगली अजून मुख्यतः वाळवते, पॉलिश करते, दळते आणि विकते. बेदाण्यातही तसंच. पेटीत भरून दिल्ली-कोलकात्याला पाठवला की तिथे छोट्या पाकिटांत दुसऱ्याच्या नावाने विकला जातो. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आता स्वतःच्या पाकिटांची सुरुवात केली आहे. त्यांना भांडवल हवं, आणि त्याहून जास्त नियमित गिऱ्हाईक हवं. स्पर्धा बाहेरूनही आहे. अफगाणिस्तानातून येणाऱ्या बेदाण्याला दक्षिण आशियाई व्यापार करारात शुल्काची सवलत आहे, आणि त्या वाटेने इतर देशांचा माल येतो अशी बागायतदारांची तक्रार आहे. तिची चौकशी मालाच्या उगमापर्यंत व्हायला हवी.

शेवटी एक प्रश्न उरतो, जो ऐकायला कागदी वाटेल पण ज्यावर हा सगळा डोलारा आहे. शेत कुठे संपतं आणि कारखाना कुठे सुरू होतो? वाळवून पॉलिश केलेली हळद शेतमाल की प्रक्रिया केलेला माल, हा वाद जीएसटीच्या अग्रिम निवाड्यापर्यंत गेला. बेदाण्याबाबत जीएसटी परिषदेने २१ डिसेंबर २०२४ च्या जैसलमेरच्या बैठकीत स्पष्ट केलं की शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर कर लागत नाही. म्हणजे करासाठी रॅकवरचा बेदाणा शेतकऱ्याचाच शेतमाल आहे, हे मान्य झालं. मग आपत्तीसाठीही तो शेतमालच धरला पाहिजे. आज अतिवृष्टी-अवकाळीची मदत हेक्टरी उभ्या पिकाच्या नुकसानीवर मोजतात, ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान झालं तर. घड वेलीवर असताना पाऊस आला तर पंचनामा होतो. तोच घड तोडून रॅकवर पसरल्यानंतर दुसऱ्या दिवशी पाऊस आला तर तो या हेक्टरच्या मापात बसत नाही. ज्या पंधरा दिवसांत शेतकऱ्याचा धोका सर्वांत मोठा असतो, नेमक्या त्या दिवसांत तो सरकारी मापात शेतकरी उरत नाही. रॅकवरचा माल वाळून पेटीत जाईपर्यंत उभं पीक मानावा, आणि त्यासाठी शेडची नोंद तलाठ्याच्या दप्तरी हंगामाच्या सुरुवातीला व्हावी. एवढा बदल शासनाने या हंगामाआधी करावा.

तासगाव आणि सांगलीचे बेदाणा सौदे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास काही आठवडे थांबवतात, खरेदीदार आणि अडतदार यांच्यातली सगळी येणी-देणी पुरी करण्यासाठी. बाजारात त्याला झिरो पेमेंट म्हणतात. बागांत तोवर फळछाटणी झालेली असते, नव्या फुटीवर घड दिसू लागलेले असतात. तो माल फेब्रुवारीत रॅकवर येईल.